नागपट्टिणमची बोट आणि वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात तमिळनाडूतल्या नागपट्टिणमहून श्रीलंकेला जाणाऱ्या प्रवासी बोटीचा मी चार ओळींत उल्लेख केला होता. त्यावर इतकी पत्रं आली की यावेळचं सदर त्या एकाच विषयाला द्यायचं ठरवलं. नव्या वाचकांसाठी थोडी ओळख. मी हर्णैचा. उमेदीची वर्षं मालवाहू जहाजांवर इंजिनिअर म्हणून काढली आणि निवृत्तीनंतर प्रवासाचं हे सदर लिहितो. या बोटीनं मी पत्नीसह गेलो आहे, त्यामुळे पुढचं बरंचसं स्वतः पाहिलेलं आहे.

आम्ही दोघंही सत्तरीच्या आसपासचे. ही बोट म्हणजे क्रूझ का? कुठून सुटते, किती वेळ लागतो, आम्हाला झेपेल का?
— निवृत्त शिक्षिका, मिरज

ताई, क्रूझ अजिबात नाही, आणि ती अपेक्षा मनात ठेवून गेलात तर हिरमोड होईल. ही साधी, वेगानं जाणारी प्रवासी बोट आहे. ओळीनं खुर्च्या, बंद काचा, वातानुकूलन. उघड्या डेकवर वारा खात चार तास काढायचे, असा बेत मनात असेल तर तो सोडून द्या.

नागपट्टिणम हे चेन्नईच्या दक्षिणेला, रस्त्यानं साधारण तीनशे किलोमीटरवरचं जुनं बंदर. तिथून श्रीलंकेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कांकेसंतुरै बंदरापर्यंत सुमारे ६० सागरी मैल, म्हणजे ११० किलोमीटर अंतर आहे. समुद्र शांत असला की चार तासांच्या आसपास लागतात. कांकेसंतुरैहून जाफना शहर वीसेक किलोमीटर. तिथले लोक बंदराला सरसकट 'केकेएस' म्हणतात, रिक्षावाल्यालाही तेवढंच सांगितलेलं पुरतं.

ही सेवा १४ ऑक्टोबर २०२३ला 'चेरियपाणी' नावाच्या बोटीनं सुरू झाली आणि आठवड्याभरात थांबली. का थांबली ते पुढच्या प्रश्नात येईल. नंतर १६ ऑगस्ट २०२४पासून 'शिवगंगै' ही दीडशे आसनांची बोट खासगी कंपनीमार्फत सुरू झाली. त्याआधी २०११मध्ये तुतिकोरिन ते कोलंबो अशी 'स्कॉशिया प्रिन्स' नावाची मोठी बोट काही महिने चालली होती, पण ती टिकली नाही.

झेपण्याबद्दल बोलायचं तर चालता येत असेल, जिन्याच्या चार पायऱ्या चढता येत असतील, तर झेपेल. तुम्हाला आपल्याकडच्या धक्क्यांची सवय असेल, ओहोटीला खाली गेलेल्या लाँचेत उतरताना कोणीतरी हात धरायला लागतो, तशी. नागपट्टिणमच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीतला फरक मीटरभराहूनही कमी असतो. रत्नागिरीला तो दोन-तीन मीटरांपर्यंत जातो. त्यामुळे तिथे बोटीवर चढायची फळी फारशी तिरकी होत नाही आणि म्हाताऱ्या माणसाला चढणं सोपं पडतं. खरा त्रास पहाटेचा आहे. बोट सकाळी लवकर सुटते आणि तिकीट, सामानाची तपासणी, इमिग्रेशन, कस्टम्स हे सगळं बंदरातच व्हायचं असतं, म्हणून उजाडण्याच्या सुमारास हजर व्हावं लागतं. आदल्या रात्री नागपट्टिणममध्येच मुक्काम करा. चेन्नईहून रात्रीच्या गाडीनं येऊन थेट बंदर गाठण्याचा हिशोब करू नका.

मुंबई-पुण्याहून यायचं तर चेन्नईमार्गे या. लोकमान्य टिळक टर्मिनसहून कारैकालला जाणारी साप्ताहिक गाडीही आहे, ती नागपट्टिणमला थांबते. तिच्या वाराशी बोटीचा वार जुळतो का ते पाहा. नाही जुळला तर तेवढे दिवस तंजावरला द्या, त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

मला ऑफिसातून डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच रजा मिळते. तेव्हाचं तिकीट काढू का? थंडीत समुद्र शांतच असतो ना?
— संगणक अभियंता, पुणे

नका काढू. आणि हे उत्तर मी जरा विस्तारानं देणार आहे, कारण या प्रवासातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे आणि आपल्या पश्चिम किनाऱ्यावरच्या माणसाच्या अंदाजाच्या ती नेमकी उलट आहे.

आपला समुद्र जूनमध्ये खवळतो. मिरगाच्या आधी होड्या वर ओढतात, गेटवेहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचा बंद होतात, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला की कोळी पुन्हा बाहेर पडतात. नैर्ऋत्येचं वारं अरबी समुद्रावरून थेट आपल्या अंगावर येतं म्हणून असं होतं. तमिळनाडूचा किनारा त्या वाऱ्याच्या आडोशाला आहे. मधे सह्याद्री आणि अख्खं पठार. जून ते सप्टेंबर तिथे वारा असतो, कधी चांगलाच असतो, पण तो जमिनीवरून समुद्राकडे जाणारा. किनाऱ्यालगत त्याच्या मोठ्या लाटा उठत नाहीत.

ऑक्टोबरच्या मध्यानंतर वारं फिरतं. ईशान्येकडून येणारं हे वारं अख्खा बंगालचा उपसागर ओलांडून नागपट्टिणमच्या दारात येऊन आपटतं. कांकेसंतुरैचं बंदरही श्रीलंकेच्या उत्तर अंगाला आहे, म्हणजे त्यालाही हेच वारं तोंडावर झेलायचं. दोन्ही टोकं उघडी. त्यात मधली पाल्कची सामुद्रधुनी उथळ. खोल समुद्रात लाट लांबलचक असते, जहाज तिच्यावर चढतं आणि उतरतं. उथळ पाण्यात तीच लाट आखूड आणि उभी होते. मोठ्या जहाजाला त्याचं काही वाटत नाही, दीडशे माणसांच्या बोटीला वाटतं.

आणि वादळं. नागपट्टिणम जिल्ह्यानं नोव्हेंबर १९७७चं चक्रीवादळ सोसलं, नोव्हेंबर २०१८मध्ये 'गज' वादळ तिथेच वेदारण्यमजवळ जमिनीवर चढलं. ऑक्टोबर ते डिसेंबर हा त्या किनाऱ्यावरचा वादळांचा हंगाम. म्हणूनच २०२३च्या ऑक्टोबरात सुरू झालेली सेवा आठवड्याभरात बंद करावी लागली, आणि पुढच्या वर्षीही ईशान्य मोसमी वाऱ्यांच्या काळात बोट थांबली ती २२ फेब्रुवारी २०२५ला पुन्हा सुटली.

तुम्हाला फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ सर्वांत बरा. वारं पडलेलं असतं, समुद्र काचेसारखा असतो, आणि उन्हाळा अजून सोसवण्याजोगा. जुलै-ऑगस्टही चालेल. थोडं हलेल, पण तेव्हा जाफन्यात नल्लूर कंदस्वामी मंदिराचा २५ दिवसांचा उत्सव असतो. तो पाहण्यासाठी थोडं हलणं मी आनंदानं सोसेन. डिसेंबरची रजा फेब्रुवारीत फिरवून मिळते का, ते साहेबांना विचाराच.

आणखी एक. हंगाम चांगला असला तरी एखादी फेरी हवामानामुळे किंवा तांत्रिक कारणानं रद्द होऊ शकते. समुद्रावर नोकरी केलेला माणूस म्हणून सांगतो, बोट न सोडण्याचा निर्णय घेणाऱ्या कप्तानावर चिडू नका, तो तुमचं भलं करतो आहे. पण तुमच्या बेतात त्या निर्णयाला जागा ठेवा. जाताना एक मोकळा दिवस, येताना एक मोकळा दिवस. येताना बोटीतून उतरून त्याच संध्याकाळचं चेन्नईहून मुंबईचं विमान कधीही काढू नका. ज्यांच्याकडे मोजून चार दिवस आहेत त्यांनी विमानानंच जावं, हे मी मनापासून सांगतो.

पत्नीला एसटीतसुद्धा घाटात मळमळतं. बोटीत काय होईल?
— सोलापूर

फेब्रुवारी-मार्चमध्ये गेलात तर बहुधा काही होणार नाही. तरी तयारी करा. जागा निवडता आली तर बोटीच्या मध्यावरची घ्या, पुढची नको. नाक सर्वांत जास्त वरखाली होतं, मध्य सर्वांत कमी. खिडकीतून दूर क्षितिजावर नजर ठेवायची, मोबाइल आणि पुस्तक बंद. उपाशी पोटी जाऊ नये, भरल्या पोटीही नाही. पहाटे दोन इडल्या पुरेत, कॉफी राहू द्या. आल्याची वडी किंवा सुंठ जवळ ठेवा, आमच्या जहाजावर पोरांना आम्ही आल्याचा तुकडाच चघळायला द्यायचो.

मळमळीच्या गोळ्या निघण्याआधी तासभर घ्याव्या लागतात, उलटी सुरू झाल्यावर त्यांचा उपयोग नाही. त्यांनी झोप येते. काचबिंदू, लघवीचा त्रास किंवा प्रोस्टेट असेल तर यातल्या काही गोळ्या चालत नाहीत, तेव्हा आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय दुकानातून परस्पर घेऊ नका. आणि पत्नीच्या शेजारी तुम्ही स्वतः बसा. घाबरलेल्या माणसाला जास्त लागतं, हे मी अनेक नव्या मुलांत पाहिलं आहे.

कागदपत्रं, पैसे, सामान यांबद्दल लिहावं.
— अनेक वाचक

पासपोर्ट हवाच, परतीच्या तारखेनंतर निदान सहा महिने चालणारा. नेपाळला आधार किंवा मतदार ओळखपत्रावर जाऊन आलेले बरेच जण इथेही तसंच चालेल असं धरून चालतात. श्रीलंका हा वेगळा देश आहे, इमिग्रेशनचा शिक्का दोन्हीकडे लागतो. श्रीलंकेची प्रवेश-परवानगी, जिला ईटीए म्हणतात, ती निघण्याआधी ऑनलाइन घ्यायची. तिचं शुल्क आणि सवलती गेल्या काही वर्षांत वारंवार बदलल्या आहेत, म्हणून कोणाच्या जुन्या अनुभवावर न जाता श्रीलंका सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावरच पाहा. त्याच्यासारखी दिसणारी, जास्तीचे पैसे घेणारी खासगी संकेतस्थळं पुष्कळ आहेत. जाफन्यातल्या मुक्कामाचा पत्ता आणि परतीचं तिकीट कागदावर छापून जवळ ठेवा, मोबाइलवर विसंबू नका.

पैशांचं म्हणाल तर भारताबाहेर जाताना, नेपाळ-भूतान सोडून, माणशी २५ हजार रुपयांपर्यंतच भारतीय नोटा नेता येतात. आपल्या एका रुपयाला अलीकडे तिथले साडेतीनच्या आसपास रुपये मिळतात. यूपीआय श्रीलंकेत १२ फेब्रुवारी २०२४पासून सुरू झालं आहे, पण जाफन्यातल्या बाजारात आणि रिक्षात रोख लागते. पहिल्या दिवसापुरती रोकड बदलून खिशात असली पाहिजे.

सामान थोडं न्या. फुकट न्यायच्या वजनाची मर्यादा कंपनीनं वेळोवेळी बदलली आहे, तिकिटावर असेल ती खरी. गाडी किंवा स्कूटर नेता येत नाही, बोट फक्त माणसांची आहे. तिकीट कंपनीच्या संकेतस्थळावरून स्वतः काढा. फेब्रुवारी २०२५मध्ये जाऊन-येऊन भाडं साडेआठ हजारांच्या आसपास होतं, यावरून अंदाज बांधा.

माझे आजोबा 'बोट मेल'ची गोष्ट सांगायचे. मद्रासहून आगगाडीनं निघायचं आणि थेट कोलंबोला पोचायचं. हे खरं होतं का? तो मार्ग पुन्हा सुरू होईल का?
— नागपूर

खरं होतं. तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला, कारण ही गोष्ट आता थोड्या लोकांच्या आठवणीत उरली आहे.

पांबनचा रेल्वे पूल १९१४च्या फेब्रुवारीत सुरू झाला आणि गाडी रामेश्वर बेटावर, तिथून पुढे अगदी टोकाच्या धनुष्कोडीपर्यंत जाऊ लागली. मद्रासच्या एग्मोरहून निघालेला प्रवासी धनुष्कोडीच्या धक्क्यावर उतरायचा, तिथून आगबोटीनं पस्तीसेक किलोमीटरची खाडी ओलांडून तलैमन्नारला जायचा, आणि पलीकडे कोलंबोची गाडी उभी असायची. मद्रास ते कोलंबो असं एकच तिकीट मिळायचं. एवढ्या छोट्या समुद्रामुळेच हा मार्ग निवडला गेला होता. पुलाच्याही आधी लोक बोटींनी येत-जात होतेच. स्वामी विवेकानंद शिकागोहून परतताना कोलंबोला उतरले, श्रीलंकेत फिरत जाफन्याला आले, आणि तिथून बोटीनं जानेवारी १८९७मध्ये पांबनला येऊन त्यांनी भारताच्या भूमीवर पाऊल ठेवलं.

पण हा मार्ग साहेबांच्या आणि स्वामींच्या आधी मजुरांचा होता, हे विसरता कामा नये. सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, चहाच्या मळ्यांसाठी तमिळ मुलखातून हजारो माणसं याच बाजूनं गेली. रामेश्वरच्या अलीकडे मंडपमला छावणी होती. तिथे त्यांना आजारांच्या तपासणीसाठी अडवून ठेवत. आजही त्या स्टेशनाचं नाव 'मंडपम कॅम्प' आहे, गाडीतून जाताना पाटी दिसेल. पुढे ऑक्टोबर १९६४मध्ये आपले पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि सिलोनच्या पंतप्रधान सिरिमावो बंडारनायके यांच्यात करार झाला. मळ्यांत पिढ्या काढलेल्या पण कुठल्याच देशाचे नागरिक नसलेल्या तमिळांपैकी सव्वापाच लाखांना भारतानं घ्यायचं आणि तीन लाखांना सिलोननं, असं ठरलं. माणसं कुठली हे दोन राजधान्यांत आकड्यांनी ठरलं. जी परत आली त्यांतली बहुतेक याच सामुद्रधुनीतून बोटीनं, मंडपमच्याच छावणीत आली. ज्यांनी भारत कधी पाहिलाही नव्हता अशी मुलं त्यांत होती. मला हा इतिहास आठवला की आपण हौसेनं काढलेलं तिकीट जरा जपून हातात धरावंसं वाटतं.

त्याच वर्षी, १९६४च्या २२ डिसेंबरच्या रात्री, चक्रीवादळानं धनुष्कोडी पुसून टाकलं. पांबनहून धनुष्कोडीला निघालेली प्रवासी गाडी माणसांसकट समुद्रात गेली. गाव पुन्हा वसलं नाही. आता तिथे चर्चच्या आणि स्टेशनच्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत. बोट नंतर रामेश्वरहून सुटत राहिली, पण श्रीलंकेत सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यात यादवी पेटल्यावर १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात तीही बंद पडली. यादवी २००९मध्ये संपली.

रामेश्वर–तलैमन्नार बोट पुन्हा सुरू करण्याबद्दल दोन्ही सरकारांत बोलणी झाली आहेत. पांबनचा नवा, मधला भाग सरळ वर उचलला जाणारा पूल ६ एप्रिल २०२५ला सुरू झाला. बोट झालीच, तर मी पहिल्या आठवड्यात तिकीट काढणार.

चार-पाच दिवसांत कँडी, नुवारा एलिया, सीगिरिया, गॉल सगळं पाहून बोटीनं परत येता येईल का?
— कोल्हापूर

येणार नाही, आणि येऊही नये. नकाशा समोर धरा. बोट तुम्हाला देशाच्या अगदी उत्तरेला सोडते, गॉल अगदी दक्षिणेला. हे सगळं चार दिवसांत पाहायचं तर तुम्ही देश गाडीच्या काचेतून पाहाल.

बोटीनं जाण्याचा माझ्या मते खरा लाभ हा की तुम्ही जाफन्यात उतरता. कोलंबोच्या विमानतळावर उतरणारे पर्यटक सहसा इथपर्यंत येत नाहीत. ताडांची रानं, तांबडी माती, विहिरींवर भिजवलेली कांद्याची आणि तंबाखूची वाफ्यावाफ्यांची शेती, सायकलवरून शाळेत जाणाऱ्या वेण्या घातलेल्या मुली. पहिले तीन दिवस इथेच राहा.

नल्लूरच्या मंदिरात पुरुषांना अंगावरचा सदरा काढून जावं लागतं, तेव्हा खांद्यावर पंचा ठेवा. पूजा वेळेवर, मिनिटाच्या हिशोबानं होते. ती शिस्त पाहण्यासारखी आहे. किरीमलैचा गोड्या पाण्याचा झरा समुद्राला लागून आहे, कुंडात आंघोळ करताना पलीकडे लाटा दिसतात, आणि हे ठिकाण बंदरापासून अगदी जवळ आहे. कुरिकट्टुवान धक्क्याहून छोट्या लाँचेनं नैनातीवू बेटावर जा. तिथे नागपूषणी अम्मनचं देऊळ आणि बौद्धांचा नागदीप विहार चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि एकाच लाँचेत पांढऱ्या साड्यांतले सिंहली यात्रेकरू आणि कपाळावर भस्म लावलेले तमिळ शेजारी-शेजारी बसतात. त्या देशानं जे सोसलं ते माहीत असेल तर हे दृश्य विसरता येत नाही. नेडुंतीवू, म्हणजे डेल्फ्ट बेट, आणखी लांब. तिथे रानघोडे आहेत आणि पोवळ्याच्या दगडांची कुंपणं. त्याला पूर्ण दिवस द्या.

जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय पाहाच. १९८१मध्ये मे संपून जून लागला त्या रात्री ते जाळण्यात आलं. सुमारे ९७ हजार पुस्तकं आणि ताडपत्रांवरची हस्तलिखितं राख झाली. आज तिथे पुन्हा बांधलेली शुभ्र इमारत आहे, आणि वाचनकक्षात परीक्षेचा अभ्यास करणारी मुलं. आत हळू बोला. युद्धाबद्दल स्वतःहून कोणाला प्रश्न विचारू नका. कोणी सांगू लागलं तर मात्र घाईत उठू नका. आमच्या मुक्कामाच्या घरमालकिणीनं तिसऱ्या संध्याकाळी स्वतःहून सांगायला सुरुवात केली आणि आम्ही रात्री उशिरापर्यंत अंगणात बसलो. लष्कराच्या छावण्यांचे फोटो काढायचे नाहीत. उत्तरेत काही भागांतून सुरुंग काढण्याचं काम चालू राहिलेलं आहे, तेव्हा ओसाड रानात वाट सोडून शिरू नये.

जेवणाची चिंता शाकाहाऱ्यांनी करू नये. इडली, दोसे, पुट्टू, आणि शेवयांसारखं इडिअप्पम सगळीकडे मिळतं. मासे खाणाऱ्यांनी जाफन्याची खेकड्याची आमटी खावी. मी हर्णैचा असून सांगतो, ती आमच्या तोडीची आहे. ताडाचा गूळ छोट्या ताडपत्री टोपल्यांत मिळतो, तो घरी आणा.

पुढे जायचंच असेल तर जाफन्याहून आगगाडीनं अनुराधपूरला जा. हा लोहमार्ग १९९०मध्ये युद्धात बंद झाला आणि जाफन्यापर्यंत २०१४च्या ऑक्टोबरात पुन्हा सुरू झाला. किलिनोच्ची, एलिफंट पास ही वर्षानुवर्षं बातम्यांत ऐकलेली नावं स्टेशनांच्या पाट्यांवर दिसतात. गाड्यांचं वेळापत्रक तिथे गेल्यावर पुन्हा विचारून घ्या. दक्षिण पाहायची तर आठ-दहा दिवस काढा, जाताना बोटीनं जा आणि कोलंबोहून विमानानं मुंबईला या. परत बोटीनंच यायचा हट्ट नसेल तर हा मार्ग मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

बोटीतून समुद्रात काय दिसतं?
— इयत्ता आठवी, चिपळूण

बाळा, पहिला तासभर मासेमारीच्या होड्या दिसतात. नागपट्टिणमशेजारी अक्करैपेट्टै नावाचं मोठं कोळीवाड्याचं गाव आहे, तिथल्या असतात. मग किनारा मावळतो आणि फक्त हिरवट पाणी. या समुद्राच्या मधोमध दोन देशांची हद्द आहे. १९७४ आणि १९७६च्या करारांनी ती ठरली. पाण्यावर ती दिसत नाही. मासे तिला ओळखत नाहीत, म्हणून त्यांच्यामागे गेलेले तमिळनाडूचे कोळी पलीकडे पकडले जातात, होड्या जप्त होतात. आणि पलीकडचे जाफन्याचे कोळी म्हणतात, या मोठ्या ट्रॉलर्सनी आमच्या समुद्राचा तळ खरवडून नेला. दोघांच्याही घरी चूल पेटायची असते. तू दाभोळच्या किंवा हर्णैच्या बंदरावर गेलास तर मिनी पर्ससीन नावाच्या मोठ्या जाळ्यांबद्दल असंच भांडण ऐकशील. मोठा झाल्यावर यावर काही उपाय शोधता आला तर शोध.

आणि हो, नशीब असेल तर डॉल्फिन. खिडकीपाशी बस.

बोट रद्द झाली तर नागपट्टिणममध्ये दोन दिवस काय करायचं?
— ठाणे

मराठी माणसानं तर हे दोन दिवस मुद्दाम काढावेत. नागपट्टिणमपासून पाचेक किलोमीटरवर नागूरचा दर्गा आहे. त्याच्या पाच मिनारांतला सर्वांत उंच, १३१ फुटांचा, तंजावरचे मराठे राजे प्रतापसिंह यांनी बांधून दिला. हिंदू नवस फेडायला इथे मोठ्या संख्येनं येतात. दुसऱ्या बाजूला दहा-बारा किलोमीटरवर वेलंकन्नीचं चर्च. वसई-मुंबईचे आपले ख्रिस्ती बांधव तिथे दरवर्षी सप्टेंबरच्या जत्रेला जातात, म्हणून ८ सप्टेंबरच्या आधीच्या दिवसांत राहायला खोली मिळणं कठीण.

दुसऱ्या दिवशी तंजावर. गाडीनं दोन-अडीच तास. बृहदीश्वराच्या मंदिराच्या प्राकारात भिंतीवर दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३मध्ये कोरवून घेतलेला मराठी शिलालेख आहे, त्यात भोसले घराण्याचा इतिहास आहे. देवनागरी अक्षरं वाचत वाचत तुम्ही भिंतीच्या कडेनं पुढे चालत राहता. सरस्वती महाल ग्रंथालयात मोडी कागदांचे गठ्ठे आहेत. शहरात अजूनही घरी मराठी बोलणारी कुटुंबं आहेत. त्यांची मराठी आपल्यापेक्षा जुन्या वळणाची आणि तमिळ हेलाची आहे. कोणी भेटलं तर मराठीतच बोला, उत्तर मराठीत येतं.

फक्त तंजावरला जाताना बोटीच्या कंपनीला मोबाइल क्रमांक देऊन ठेवा आणि संध्याकाळी नागपट्टिणमला परत या. दुसऱ्या दिवशीची फेरी सुटणार असेल, तर पुन्हा पहाटेच हजर व्हायचं आहे.